अठरा वर्षांनंतरचे पालकत्व

आईवडिलांकडून होणारी आबाळ, मारहाण, व्यसन किंवा तुरुंगवास अशा कारणांमुळे अमेरिकेतील न्यायालय ज्या मुलांना घरातून काढून राज्याच्या ताब्यात देते, त्यांची रवानगी सहसा अनाथाश्रमात होत नाही. सरकारी भत्ता घेऊन परक्या मुलाला आपल्या घरी ठेवणारे कुटुंब, एखादे नातेवाईक किंवा थोड्या मुलांसाठी चालवलेले गटनिवास अशा ठिकाणी ती वाढतात आणि या व्यवस्थेला तेथे फॉस्टर केअर, म्हणजे प्रतिपालन, असे म्हणतात. ही सोय तात्पुरती असावी, मूल काही काळाने स्वतःच्या घरी परतावे, ते शक्य नसेल तर दत्तक जावे किंवा कायमच्या पालकाकडे सोपवले जावे, अशी कायद्याची अपेक्षा असते. सप्टेंबर २०२३ अखेर या व्यवस्थेत सुमारे ३ लाख ४३ हजार मुले होती. ज्यांच्या बाबतीत यांपैकी काहीच जुळून येत नाही, ती मुले वयाची मर्यादा ओलांडताच व्यवस्थेतून बाहेर पडतात. गेल्या दशकात दरवर्षी अशी साधारण २० हजार मुले असत. अलीकडे हा आकडा बराच उतरला आहे. या मुलांना महाविद्यालयासाठी आणि नोकरीसाठी तयार करणे, आणि प्रवेश मिळाल्यावर त्यांना तेथे टिकवून धरणे, हा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेत उभा राहिलेला एक स्वतंत्र शिक्षकी पेशा आहे. त्याची ओळख मराठी वाचकांना फारशी नाही.

हा पेशा का लागला, हे समजण्यासाठी या मुलांचे शालेय आयुष्य कसे मोडते ते पाहावे लागते. प्रतिपालक कुटुंब बदलले की पुष्कळदा शाळाही बदलते. अमेरिकेच्या माध्यमिक शाळेत पदविका मिळते ती श्रेयांकांवर, म्हणजे प्रत्येक विषय ठरावीक काळ शिकून पूर्ण केल्याबद्दल जमा होणाऱ्या गुणांशावर. सत्राच्या मध्यावर शाळा सुटली तर त्या विषयाचा श्रेयांक बुडतो, नव्या शाळेत तोच विषय पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो, आणि जुन्या शाळेची कागदपत्रे यायला उशीर झाला तर मुलाला कोणत्या वर्गात बसवायचे हेसुद्धा अंदाजाने ठरते. विद्यार्थ्याच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा संघीय नियम इतका कडक होता की मुलाची जबाबदारी असलेल्या सरकारी समाजसेवकालाच त्याचे प्रगतिपुस्तक मिळताना अडचण येई. जानेवारी २०१३ मध्ये कायदा दुरुस्त झाला तेव्हा कुठे ही आडकाठी निघाली. मूल नव्या घरी गेले तरी हिताचे असेल तेव्हा त्याला जुन्याच शाळेत राहू द्यावे, ही तरतूद देशभर सर्व राज्यांच्या शिक्षणखात्यांवर बंधनकारक झाली ती २०१५ च्या शिक्षण कायद्याने.

अशा शिक्षणाचा परिणाम काय होतो, हे मार्क कोर्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि आयोवा या तीन राज्यांत केलेल्या दीर्घ पाहणीतून स्पष्ट झाले. २००२ पासून त्यांनी सातशेहून अधिक मुलामुलींचा माग सतरा-अठराव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत ठेवला. सुरुवातीला त्यांपैकी बहुतेकांना महाविद्यालयात जायचे होते. सव्विसाव्या वर्षी मात्र दोन किंवा चार वर्षांची पदवी हाती असलेले जेमतेम ८ टक्के निघाले, तर त्याच वयाच्या सर्वसाधारण तरुणांत हे प्रमाण ४६ टक्के होते. नोकरीत असलेलेही निम्म्याहून कमी होते. याच पाहणीत एक मोलाची तुलना आपोआप घडून आली. इलिनॉय राज्यात मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत व्यवस्थेत राहता येत असे, शेजारच्या दोन राज्यांत अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागे. साहजिकच इलिनॉयमधील मुले महाविद्यालयात अधिक संख्येने दाखल झाली, पण पदवीपर्यंत पोचण्याच्या बाबतीत ती आघाडी तशी टिकली नाही. दारापर्यंत नेणे आणि आत टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या आकड्यांतून दिसले. दुसऱ्या कामासाठी माणूस लागतो.

कायद्याने पैशाची बाजू हळूहळू सावरली. १९८०च्या दशकाच्या मध्यात मोठ्या मुलांना स्वतंत्र जगण्यासाठी तयार करण्याचा पहिला संघीय कार्यक्रम आला. १९९९ मध्ये त्याचा निधी दुप्पट करून वर्षाला १४ कोटी डॉलर करण्यात आला आणि त्या कार्यक्रमाला त्याच वर्षी निवर्तलेले ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॉन चेफी यांचे नाव देण्यात आले. पुढे उच्च शिक्षण आणि प्रशिक्षणासाठी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला ५ हजार डॉलरपर्यंतचे साहाय्य त्यात जोडले गेले. २००८ च्या कायद्याने राज्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत मुलांना सांभाळण्यासाठी संघीय पैसा मिळू लागला. अट एवढीच की तो तरुण शिकत असावा, महिन्याला किमान ८० तास काम करत असावा, कामाची तयारी करणाऱ्या एखाद्या कार्यक्रमात असावा, किंवा प्रकृतीमुळे यांपैकी काहीच करू शकत नसावा. आरोग्यविम्याचे छत्र २०१४ पासून सव्विसाव्या वर्षापर्यंत मिळते. विद्यापीठांच्या बाजूने पहिले लक्षणीय पाऊल १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलरटन येथील राज्य विद्यापीठाने टाकले. ऑरेंजवूड या बालकल्याण संस्थेच्या मदतीने तेथे सुरू झालेला ‘गार्डियन स्कॉलर्स’ हा उपक्रम पुढे त्या राज्यातील अनेक महाविद्यालयांनी उचलला.

या पेशाचे अंतरंग जवळून पाहायचे तर मिशिगन राज्यातील कॅलमझू या मध्यम आकाराच्या शहरातील वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाकडे वळणे सोयीचे ठरते. १९०३ मध्ये शिक्षक घडवणारी शाळा म्हणून स्थापन झालेल्या या विद्यापीठाने २००८ मध्ये प्रतिपालनातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘सीटा स्कॉलर्स’ हा कार्यक्रम सुरू केला आणि पहिल्याच वर्षी ५१ विद्यार्थी दाखल झाले. समाजकार्याच्या प्राध्यापक इव्हॉन उनराउ या त्याच्या संस्थापक संचालक. कार्यक्रमाला ज्यांचे नाव दिले आहे ते जॉन सीटा हे याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. बालपणीच ते घरातून काढले गेले, एकामागून एक अनेक घरे आणि संस्था यांतून फिरले, मिशिगनमधील आल्बियन येथील स्टार कॉमनवेल्थ या मुलांच्या निवासी संस्थेत राहिले आणि पुढे डॉक्टरेटपर्यंतचे शिक्षण घेऊन मिशिगन स्टेट विद्यापीठात समाजकार्याचे अध्यापक झाले.

सीटा यांच्या कारकिर्दीचे महत्त्व केवळ प्रतिकूल परिस्थितीवर मात केलेल्या माणसाची कहाणी म्हणून नाही; तशा कहाण्या अमेरिकेत उदंड छापल्या जातात आणि त्यांचा उपयोग बहुधा वाचणाऱ्याला बरे वाटण्यापुरताच होतो. सीटा यांनी स्वतःच्या अनुभवाला अभ्यासाची शिस्त लावली. मानसशास्त्रज्ञ लॅरी ब्रेन्ड्ट्रो यांच्यासमवेत लिहिलेल्या ‘किड्स हू आउटविट अॅडल्ट्स’ या पुस्तकात त्यांनी मोठ्यांना चकवणाऱ्या मुलांच्या वागण्याचा अर्थ लावला आहे. ज्या मुलाला जवळच्या माणसांनी वारंवार सोडले, ते मूल नव्या माणसाला पारखून घेते. भांडते, खोटे बोलते, वेळ देऊन येत नाही, आणि समोरचा कंटाळून निघून गेला की आपला अंदाज खरा ठरल्याची खात्री पटवून घेते. शिक्षकाला जो उद्धटपणा वाटतो तो त्या मुलाच्या लेखी स्वसंरक्षणाचा शिकून घेतलेला डाव असतो, आणि त्यावरचा उपाय एकच, तो म्हणजे मोठ्या माणसाने निघून न जाणे. ‘सीटा स्कॉलर्स’सारखे कार्यक्रम याच गृहीतावर उभे आहेत, मग त्यांच्या माहितीपुस्तिकांत शिष्यवृत्तीची रक्कम कितीही ठळक छापलेली असो.

या कार्यक्रमातील मुख्य पद ‘कॅम्पस कोच’चे. हा पूर्णवेळ नोकरीत असलेला, बहुधा समाजकार्य, समुपदेशन किंवा शिक्षणशास्त्र शिकलेला माणूस ठरावीक विद्यार्थ्यांची जबाबदारी घेतो आणि त्यांच्या आयुष्याच्या सात बाजूंवर लक्ष ठेवतो. अभ्यास, पैसा आणि नोकरी, राहण्याची सोय, शारीरिक व मानसिक आरोग्य, नातीगोती, स्वतःची ओळख आणि रोजच्या व्यवहारातली कौशल्ये अशा त्या सात बाजू आहेत. यादी पाहता ती कोणत्याही घरातल्या आईबापांच्या काळजीची यादी वाटते आणि ती तशीच आहे. फरक इतकाच की पालक जे न सांगता, न मोजता करतात, ते येथे वेळापत्रक, नोंदवही आणि पगार यांच्या चौकटीत बसवावे लागते. राज्याच्या मानवसेवा विभागाचे कर्मचारीही विद्यापीठाच्या आवारातच बसू लागले, कारण सरकारी कचेरीतले काम आणि तास एकाच वेळी आले की बुडतो तो तासच.

या कामातला बराचसा भाग कागदांचा असतो. संघीय शिक्षणसाहाय्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला जो अर्ज भरावा लागतो त्याला ‘फाफ्सा’ म्हणतात. त्यात सर्वसाधारण विद्यार्थ्याला आईवडिलांच्या उत्पन्नाचा तपशील आणि त्यांची संमती द्यावी लागते. आईवडील कुठे आहेत हेच ठाऊक नसलेल्या मुलासाठी हा रकाना म्हणजे बंद दार होते. २००७ च्या कायद्याने ते उघडले. वयाच्या तेराव्या वर्षानंतर कधीही, एका दिवसासाठी का होईना, प्रतिपालनात किंवा न्यायालयाच्या ताब्यात असलेल्या विद्यार्थ्याला स्वतंत्र विद्यार्थी मानावे आणि त्याची गरज फक्त त्याच्याच उत्पन्नावरून ठरवावी, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे अशा मुलाला पेल अनुदान, म्हणजे परत न करावे लागणारे मुख्य संघीय साहाय्य, बहुधा पूर्ण मिळते. २०२४–२५ साठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. परंतु अर्जातील एका साध्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर दिल्यावर महाविद्यालय पुरावा मागू शकते. तो पुरावा म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी विभागाचे पत्र, आणि ते ज्या समाजसेवकाकडून मिळवायचे तो पुष्कळदा नोकरी सोडून गेलेला असतो. अनेक मुले तर ‘होय’ लिहीतच नाहीत. आपल्या नावापुढे पुन्हा तो शिक्का नको, असे त्यांना वाटते. त्या एका खुणेवर हजारो डॉलर अवलंबून आहेत, हे सांगणारा आणि त्यामागचा संकोच ओळखणारा माणूस शेजारी बसलेला असेल तरच तो रकाना भरला जातो.

दुसरा कागद आहे पतअहवालाचा. अमेरिकेत घर भाड्याने घ्यायचे, वाहनासाठी कर्ज काढायचे, कधी नोकरी मिळवायची तरी माणसाची पत तपासली जाते. प्रतिपालनातील मुलांचा सामाजिक सुरक्षा क्रमांक वर्षानुवर्षे अनेक हातांतून फिरतो, आणि त्याचा गैरवापर करून कोणी वीजजोडणी घेतली, कोणी क्रेडिट कार्ड काढले, असे प्रकार होत असल्याने अठरा वर्षांचे मूल स्वतः एक छदामही उसना न घेता थकबाकीदार ठरलेले आढळते. २०११ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील प्रत्येक प्रतिपाल्य मुलाचा पतअहवाल दरवर्षी तपासणे राज्यांना बंधनकारक केले. २०१४ मध्ये हे वय चौदावर आणले गेले आणि मूल व्यवस्थेतून बाहेर पडताना त्याच्या हाती जन्मदाखला, सामाजिक सुरक्षा पत्र, विम्याची आणि वैद्यकीय कागदपत्रे व ओळखपत्र दिले गेलेच पाहिजे, असेही ठरले. जन्मदाखला देण्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो, यावरून पूर्वी काय चालत असेल याची कल्पना यावी.

तिसरी अडचण कागदाची नसून कॅलेंडरची आहे. डिसेंबरात नाताळच्या सुट्टीसाठी अमेरिकेतील वसतिगृहे रिकामी होतात आणि प्रत्येकाने घरी जावे हे गृहीत धरलेले असते. ज्याला घर नाही त्याने तीन आठवडे जायचे कुठे, हा प्रश्न कार्यक्रम सुरू होईपर्यंत कित्येक विद्यापीठांना पडलेलाच नव्हता. कोणी मित्राच्या घरी कोचावर झोपे, कोणी गाडीत. वर्षभर, सुट्टीतही, वसतिगृहात राहण्याची मुभा ही या कार्यक्रमांतील सर्वांत कमी खर्चाची आणि कदाचित सर्वांत उपयोगी सोय म्हणावी लागेल.

नोकरीची तयारी हे याच कामाचे दुसरे अंग. त्यात अर्ज लिहिणे आणि मुलाखतीचा सराव यांपेक्षा वाहन चालवण्याचा परवाना अनेकदा अधिक निर्णायक ठरतो. सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असलेल्या शहरांत गाडीशिवाय नोकरी नाही, पण अल्पवयीन मुलाच्या परवान्यावर सही कोणी करायची आणि विम्याचा हप्ता कोणी भरायचा, हे प्रतिपालनात ठरलेले नसे. फ्लोरिडा राज्याने २०१४ मध्ये हा खर्च सरकारने उचलावा असा कायदा केला. त्याच वर्षीच्या संघीय कायद्याने प्रतिपालकांना साध्या गोष्टींची, म्हणजे शाळेच्या सहलीची, सुट्टीतल्या कामाची, मित्राकडे रात्री राहण्याची परवानगी स्वतःच्या समंजसपणाने देण्याचा अधिकार दिला. सोळाव्या वर्षी आइस्क्रीमच्या दुकानात काम करून पहिला पगार घेणे ही अमेरिकन कुटुंबात क्षुल्लक बाब असते. ती ज्याला कधी करू दिली नाही, तो बाविसाव्या वर्षी पदवी घेऊनही वरिष्ठाने रागावल्यावर नोकरी सोडून जातो, कारण रागावणे म्हणजे हाकलणे हेच तो शिकलेला असतो. म्हणूनच कोचचे काम पदवीदान समारंभात संपत नाही.

स्थैर्याला बक्षीस देणाऱ्या चांगल्या योजनाही या मुलांना कशा हुकतात, याचे उदाहरण कॅलमझू शहरातच आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये नाव गुप्त ठेवलेल्या देणगीदारांनी ‘कॅलमझू प्रॉमिस’ जाहीर केले. शहराच्या सार्वजनिक शाळांत शिशुवर्गापासून शिकलेल्या प्रत्येकाला राज्यातील सार्वजनिक महाविद्यालयांचे संपूर्ण शुल्क मिळते, उशिरा आलेल्यांचे प्रमाण कमी होत जाते, नववीपासून शिकलेल्याला ६५ टक्के, आणि त्यानंतर आलेल्याला काहीच नाही. ही योजना उदार आहे, तिची कीर्ती देशभर झाली आणि ती योग्यच होती. परंतु दहावीत दुसऱ्या गावातून कॅलमझूच्या प्रतिपालक घरी आणून ठेवलेले मूल तिच्या नियमात बसत नाही, आणि त्या मुलाने गाव स्वतःच्या मर्जीने बदललेले नसते.

या पेशाची स्वतःची दुखणीही आहेत. अनेक महाविद्यालयांत हे कार्यक्रम देणग्यांवर आणि मुदतीच्या अनुदानांवर चालतात; अनुदान संपले की पद जाते, पद गेले की कोच जातो, आणि विद्यार्थ्याच्या आयुष्यातून निघून जाणाऱ्या मोठ्या माणसांच्या यादीत आणखी एकाची भर पडते. कामही थकवणारे आहे, कारण दुसऱ्याच्या आघाताच्या हकिकती रोज ऐकणाऱ्यालाही त्याची झळ लागते. वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाने कोचच्या कामाची पद्धत लिहून काढली आणि इतर महाविद्यालयांतील कर्मचाऱ्यांना तिचे प्रशिक्षण देणारे केंद्र काढले, ते या दृष्टीने शहाणपणाचे झाले. चांगुलपणावर चालणारे काम माणसागणिक बदलते. पद्धतीवर चालणारे काम माणूस बदलला तरी पुढे सरकते. तरीही एकाच खुर्चीवर दहा-पंधरा वर्षे टिकलेल्या कोचची बरोबरी कोणतीही पुस्तिका करू शकत नाही, आणि हे पद कायमस्वरूपी पगारावर न ठेवण्यातली विद्यापीठांची काटकसर शेवटी महागात पडते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. भारतात कुटुंबाधारित प्रतिपालन अजून मर्यादित असून, महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून कुटुंबांना मासिक साहाय्य मिळत असले तरी निराधार मुलांपैकी बरीच बालगृहांत वाढतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ४६व्या कलमानुसार अठराव्या वर्षी बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला आर्थिक साहाय्य देता येते. अनुरक्षण, म्हणजे संस्थेनंतरची देखभाल, सर्वसाधारणपणे एकविसाव्या आणि अपवादाने तेविसाव्या वर्षापर्यंत मिळते, आणि २०२२ पासूनच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४ हजार रुपये धरले आहेत. गोव्यातील संस्थेत वाढलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या अमृता करवंदे यांनी लावून धरलेल्या मागणीनंतर महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण दिले, हा देशातला महत्त्वाचा निर्णय होता.

आरक्षणाने प्रवेश मिळतो आणि मासिक रकमेने मेस भागते. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह बंद झाल्यावर, अर्जावर पालकाची सही मागितल्यावर किंवा पहिल्या सत्रात दोन विषय राहिल्यावर त्या विद्यार्थ्याने कोणाकडे जायचे, याचे उत्तर मात्र महाविद्यालयालाच द्यावे लागेल. प्राचार्यांनी आपल्या महाविद्यालयात अनाथ प्रमाणपत्रावर प्रवेश घेतलेले विद्यार्थी किती आहेत ते या वर्षी कार्यालयातून काढून घ्यावे, त्यांच्यासाठी एका प्राध्यापकाचे नाव आणि फोन क्रमांक ठरवावा, आणि सुट्टीत वसतिगृहातील त्यांची खोली उघडी ठेवावी. यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.